काळा धूर दिसला म्हणून लगेच कार्बोरेटर बदलू नका



जुन्या ओम्नीचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, धंद्यासाठी जुनी ओम्नी घेतली. काळा धूर मारते, पेट्रोल नुसतं पिते. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर बदला. बदलू का?"

माझं उत्तर सरळ आहे. आत्ता बदलू नका. आधी कारण शोधा, आणि कारण शोधण्याचे पैसे मिस्त्रीला वेगळे द्या.

हे मी सांगतोय त्याला थोडं वजन द्या, कारण माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तुम्ही नवा कार्बोरेटर घेतलात तर मला चार पैसे सुटतात. चोकची केबल आणि तीन प्लग घेतलेत तर चहापाण्याचे सुटतात. तरी मी केबलच आधी बघायला सांगतो. नवा कार्बोरेटर बसवून आठ दिवसांनी पुन्हा तोच काळा धूर घेऊन फिरणारा माणूस चिडलेला असतो, आणि इलेक्ट्रिकल असो वा इंजिनचा, दुकानातून गेलेला पार्ट बसवला की सहसा परत घेतला जात नाही. पैसे गेले ते गेले.

आधी हिशोब करू. समजा तुमची गाडी दिवसाला ६० किलोमीटर फिरते. ठीक असताना लिटरला १४ देत होती, आता ९ देते. आधी सव्वाचार लिटर लागायचं, आता पावणेसात लागतं. रोजचे जवळपास २.४ लिटर जास्त. लिटर १०५ रुपये धरा, रोजचे २५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धंदा केला तर ६,५०० रुपये. वडापावच्या किंवा भाजीच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे एखाद्या मदतनीसाच्या पगाराचा मोठा वाटा आहे. म्हणून "चालतंय ना, चालू दे" हेही बरोबर नाही. ढकलत राहिलात तर रोज पैसे जातात, आणि घाईने पार्ट बदललात तर एकदम जातात.

पण हा १४ आणि ९ चा आकडा तुमच्याकडे आहे का? बहुतेकांकडे नसतो. "अॅव्हरेज पडलंय" एवढंच सांगतात. पेट्रोलचा काटा बघून अॅव्हरेज कळत नाही. टाकी पंपावरचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, १५०-२०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर हाच आकडा तुम्हाला खरं सांगेल, मिस्त्री काहीही म्हणो.

रिच म्हणजे नक्की काय

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आलं की मिश्रण रिच झालं म्हणतात. मग न जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो, डोळे चुरचुरतात, मागे पेट्रोलचा वास येतो.

नव्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमध्ये सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल जास्त होतंय, आणि कॉम्प्युटर कमी करतो. कार्बोरेटरला असं काही कळत नाही. त्याच्या घशातून हवा गेली की त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येतं, एवढाच व्यवहार. घशाच्या आधी वाट अडली, किंवा पुढे ठिणगी नीट पडली नाही, तरी तो आपलं काम करतच राहतो आणि नाव त्याचं खराब होतं. मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ ला तिचं नाव ओम्नी झालं, आणि ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन तिच्यात वर्षानुवर्षं चाललं. कार्बोरेटरवाल्या ओम्नी आता बहुतेक वीस वर्षांच्या पुढच्या आहेत. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर किती हात पडले असतील याचा विचार करा. बिघाड मूळ यंत्रापेक्षा त्या हातांनी केलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

धुराचा रंग पहिला बघा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे कार्बोरेटरचा संबंध नाही. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय का बघावं लागतं. ऑइल जळणाऱ्या गाडीचा कार्बोरेटर बदललेले लोकही आहेत, हसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. तिन्ही प्लग काढायला लावा. गाडी १५-२० किलोमीटर नीट चालवून आणा, आयडलिंगवर जास्त वेळ न ठेवता बंद करा, थोडी थंड होऊ द्या आणि प्लग काढा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात राहील असे ओळीत ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखी कोरडी काळी काजळी असेल तर रिच. काळा पण ओला, तेलकट, चमकणारा असेल तर ऑइल.

आणि मग मोजा, किती प्लग काळे आहेत? तिन्ही सारखे काळे असतील तर दोष तिघांना मिळून असलेल्या गोष्टीत आहे: हवेची वाट, चोक, कार्बोरेटर, किंवा एकूण टायमिंग. एकच काळा आणि दोन चांगले असतील तर कार्बोरेटर जवळजवळ सुटला समजा. तो तिन्ही सिलिंडरला एकत्रच मिश्रण देतो, एकाशी वैर धरत नाही. तिथे प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्यूटरची कॅप किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्धा निकाल इथेच लागतो. प्लग न काढता "कार्बोरेटर गेला" म्हणणाऱ्याला मी मिस्त्री मानत नाही. राग आला तरी चालेल.

गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण तपासणी फुकट होते. गॅसवर चालवा. गॅसवर छान चालते आणि पेट्रोलवरच धूर मारते? मग दोष पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर मिसिंग आहे, दोन्हीवर दम नाही? मग हवा, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. आणखी एक: गॅसवर असताना पेट्रोल बंद करणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर दोन्ही इंधनं एकदम आत जातात. गॅसवरही प्लग काळे होत असतील तर हा व्हॉल्व्ह तपासायला सांगा.

चोक, मग बाकी सगळं

हाताने ओढायचा चोक असलेल्या गाडीत माझा पहिला संशय चोकच्या केबलवर असतो. थंड इंजिन सुरू व्हायला रिच मिश्रण लागतं, म्हणून चोक घशावरची झडप बंद करून हवा अडवतो. बटण आत ढकललं की झडप उघडायला हवी. जुन्या केबलला आतून गंज लागतो. डॅशबोर्डवरचं बटण आत जातं, पण खाली झडप अर्धीच उघडते. तुम्हाला वाटतं चोक बंद आहे, गाडी मात्र दिवसभर चोकवर फिरतेय. पुढची सीट उचला, एअर फिल्टरची नळी बाजूला करा आणि टॉर्च मारून डोळ्यांनी बघा. इंजिन गरम, बटण आत, तर झडप पूर्ण उभी हवी. नसेल तर केबल बदला, किंवा फक्त केबलचा स्क्रू नीट बसवा. काही वेळा एवढ्यावर विषय संपतो.

इथे वापराचंही बघा. डबे पोचवणारी किंवा केकची डिलिव्हरी करणारी गाडी दिवसात वीस वेळा बंद-चालू होते. प्रत्येक वेळी सवयीने चोक ओढला जातो. गरम इंजिनला चोक लागत नाही. गाडी पगारी ड्रायव्हर चालवत असेल तर एक दिवस शेजारी बसून बघा.

एअर फिल्टर धुळीने भरलेला असला की हवेची वाट अडते. खडीच्या रस्त्यावर, बाजार समितीच्या आवारात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. सगळ्यात स्वस्त बदल हाच. पण काळा धूर पूर्णपणे नुसत्या फिल्टरने गेला असं फार अपेक्षू नका.

थर्मोस्टॅट हा आपल्याकडचा खास विषय. गाडी गरम होते म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग इंजिन कायम थंडच चालतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ड्रायव्हर चोक ओढून ठेवतो, प्लग काळे होतात. दहा-पंधरा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर हा प्रश्न विचारा.

मग येतो कार्बोरेटर. आता त्याला हात लावायला हरकत नाही, पण तरीही बदलायचा नाही. फ्लोट नावाचा तरंगणारा डबा आणि त्याची नीडल मिळून वाटीतली पेट्रोलची पातळी राखतात, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं. नीडल झिजली, तिच्याखाली कचरा अडकला किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला की पातळी वाढते आणि पेट्रोल घशात सांडतं. ओळखायची खूण सोपी आहे. गरम गाडी बंद करून घशात टॉर्च मारा. इंजिन बंद असताना पेट्रोलचे थेंब पडत असतील तर ओव्हरफ्लो आहे. दुसरी खूण: दहा मिनिटं थांबवलेली गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावरच उठते. यावर इलाज म्हणजे कार्बोरेटरचं किट. नीडल, गॅसकेट, डायफ्रॅम असं मिळतं आणि नव्या कार्बोरेटरच्या मानाने ते फार स्वस्त पडतं. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल डुचमळलं तर तोही बदला.

आता मिश्रणाचा स्क्रू. व्हिडिओत दाखवलाय, इथे त्यामागचं कारण सांगतो. गरम इंजिन आयडलिंगवर ठेवून हा स्क्रू हलक्या हाताने हळूहळू आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, इंजिन अडखळतं आणि बंद पडायला येतं. असं झालं तर आयडलिंगचा मार्ग ठीक आहे. स्क्रू पूर्ण आत जाऊनही इंजिन मजेत चालू राहिलं, तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येतंय. ती वाट म्हणजे ओव्हरफ्लो, किंवा अडकलेला चोक, किंवा कुणीतरी आयडलिंगची रेस इतकी वाढवून ठेवलीय की थ्रॉटलची पाकळी उघडीच राहते. अशा गाडीचं "ट्यूनिंग" दहा वेळा केलं तरी उपयोग नाही, आणि प्रत्येक ट्यूनिंगचे पैसे मात्र तुम्ही देता. स्क्रू आवळून बसवू नका, त्याचं टोक खराब होतं.

सगळ्यात वाईट प्रकार तारेचा. जेट चोंदला की बरेच जण त्यात तार घालतात. जेटचं भोक अगदी मोजून केलेलं असतं आणि जेट मऊ पितळेचा असतो. तार फिरवली की भोक मोठं होतं, आणि मग ती गाडी कायमची रिच होते. जेटवर नंबर तोच दिसतो, पण भोक आता त्या नंबरचं राहिलेलं नसतं. जेट साफ करायचा तो क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने. तुमच्यासमोर कुणी तार काढली तर हात धरा.

इथेनॉलबद्दलही खूप विचारता. "सर, २० टक्के इथेनॉलमुळे रिच होतेय का?" उलट आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण थोडं लीनकडे झुकतं. अॅव्हरेज काहीसं पडतं ते खरं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी आहे. पण काळा धूर त्याने येत नाही. मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे रबर, नळ्या आणि गॅसकेट या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, त्यांचे कण सुटतात, कण नीडलखाली अडकतात, आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. म्हणून किट घेताना नळ्याही बदला.

कोकणातून स्ट्रॉबेरीच्या सीझनला महाबळेश्वर-पाचगणीला स्टॉल लावायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, कार्बोरेटरचं माप मात्र समुद्रकाठचं. गाडी तिथे थोडी रिच होणारच, चढावर दम कमी वाटणारच. खाली आल्यावर ठीक होत असेल तर काही उघडू नका.

पीयूसीची पावती वाचा

आपण पीयूसीकडे दंड टाळायचा कागद म्हणून बघतो. पण त्या केंद्रावर सीओ मोजणारं यंत्र असतं, आणि सीओ म्हणजे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा पुरावा. आयडलिंगवर सीओ खूप वाढलेला असेल तर मिश्रण रिच आहे. सीओ कमी पण एचसी खूप जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, म्हणजे बहुधा मिसिंग. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के. माझं मत असं की दुरुस्तीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हा आकडा घ्यावा. नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घालायला सांगा, गाडीचा फोटो काढून कागद देणारी केंद्रंही असतात.

मिस्त्रीला पैसे कशाचे द्यायचे

इथे मी मिस्त्रीची बाजू घेणार आहे. आपल्याकडे गाडी बघण्याचे पैसे कुणी देत नाही. "बघितलंच तर फक्त, काय केलं?" असं म्हणून गिऱ्हाईक निघून जातं. मग मिस्त्री कमावणार कुठून? पार्ट बदलण्याच्या मजुरीतून आणि पार्टवरच्या कमिशनमधून. दुकानदार म्हणून सांगतो, हे कमिशन असतं. जो कारण शोधायला तास घालवतो आणि केबलचा स्क्रू बसवून गाडी ठीक करतो त्याला पन्नास रुपये मिळतात, आणि जो थेट कार्बोरेटर बदलतो त्याचा दिवस निघतो. ही सवय आपणच लावलीय. म्हणून जाताना सांगा, "दादा, तपासायचे वेगळे पैसे देतो. आधी तिन्ही प्लग काढून दाखवा, चोकची झडप दाखवा, मग काय बदलायचं ते ठरवू." चांगला मिस्त्री यावर खूश होतो. तुम्ही उद्या स्वतःची सेवा विकणार आहात, तेव्हा फुकट सल्ला मागणारं गिऱ्हाईक कसं वाटतं ते तुम्हालाही कळेल.

मिस्त्री बरोबर असू शकतो का? हो. बॉडीला चीर गेली असेल, वरचा-खालचा भाग वाकून गॅसकेट बसत नसेल, किंवा आधीच कुणी तार घालून जेट खराब केले असतील आणि योग्य जेट मिळत नसतील, तर बदलणंच शहाणपणाचं. पण ते दाखवून सांगता आलं पाहिजे. आणि बदलायची वेळ आलीच तर अगदी स्वस्त लोकल कार्बोरेटर टाळा. त्यातले जेट तुमच्या इंजिनच्या मापाचे असतीलच असं नाही, मग नवा पार्ट बसवूनही रिचच.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल, तर पेट्रोल इंजिनच्या तळाशी उतरतंय. ओव्हरफ्लोमुळे किंवा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटल्यामुळे. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि रिंग खातं. कारण दुरुस्त करून ऑइल लगेच बदला, तोवर गाडी चालवू नका.

आणि ओम्नीत शेगडी ठेवून खाण्याचा धंदा करणाऱ्यांनो, तुमचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि मागे सिलिंडर. आत पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी शेगडी पेटवायची नाही. धंदा बुडाला तरी चालेल. तसंच गाडी उभी करून इंजिन चालू ठेवत आत बसू नका. रिच इंजिन कार्बन मोनॉक्साईड भरपूर सोडतं, त्याला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही, आणि त्यात माणसं दगावतात.

अजून गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटऐवजी सीट उचलून इंजिनला हात लावून बघा, थंड आहे ना. थंडीत चोकवर सुरू होताना थोडा काळा धूर आला तर घाबरू नका. गरम झाल्यावर चोक आत करा आणि रेस द्या. तेव्हा धूर नको. आरसी बघा, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. ते झालेलं नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करा. शेवटी सोबत नेलेल्या मिस्त्रीला प्लग काढायला सांगा. मालक प्लग काढू देत नसेल, तर चहा प्या आणि दुसरी गाडी बघायला जा.